दोन झाडे, दोन शिक्के: वॉलेमाय आणि बुन्या यांचे प्रकरण

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत अरोकेरिया कुळातली दोन झाडे एकाच जातकुळीच्या रोगाला तोंड देत आहेत. एक वॉलेमाय पाइन, दुसरे बुन्या पाइन. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत वॉलेमायसमोर 'अतिसंकटग्रस्त' असे लिहिले आहे, बुन्यासमोर 'किमान चिंता'. धोक्याच्या शिडीची ही दोन टोके. वॉलेमायसाठी सरकारने विमाने उडवली, जागेचा पत्ता गुप्त ठेवला, रोपे जगभर पोचवली. बुन्याच्या नावाने जो डोंगर ओळखला जातो तिथे त्याची जुनी झाडे उभ्याउभ्या वाळू लागली, तरी यादीतला शब्द आहे तसाच आहे. संवर्धनाचा दर्जा नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे या जोडीइतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

नावात पाइन असले तरी ही दोन्ही झाडे चीड-देवदाराच्या पंक्तीतली नव्हेत. अरोकेरिया कुळ निराळे आहे आणि फार जुने आहे. त्यात आज तीनच प्रजाती, म्हणजे जातींचे गट, उरल्या आहेत: अगाथिस, अरोकेरिया आणि वॉलेमिया. आपल्याकडे नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत विकला जातो तो अरोकेरिया बुन्याचा जवळचा नातेवाईक. एरवी ऑस्ट्रेलियन झाड म्हटले की मराठी माणसाला नीलगिरी आठवते, सिल्व्हर ओक आठवतो, कोकण-गोव्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ. ही सगळी कुठेही लावा, वाढणारी झाडे. आपल्या प्रकरणातली दोन्ही त्या स्वभावाची नाहीत.

दरीतले झाड

१० सप्टेंबर १९९४ रोजी न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यान खात्यातला डेव्हिड नोबल हा कर्मचारी दोन मित्रांबरोबर वॉलेमाय राष्ट्रीय उद्यानातल्या एका अरुंद घळीत दोर लावून उतरला. सिडनी शहरापासून हे उद्यान दीडदोनशे किलोमीटरवर, वालुकाश्माच्या कड्यांनी आणि घळींनी चिरफाळलेले. खाली त्याला न ओळखता आलेली झाडे दिसली. फुगवट्यांनी भरलेली तपकिरी साल, नेच्यासारखी पालवी. त्याने गळून पडलेली एक फांदी सोबत आणली. पुढच्याच वर्षी विन जोन्स, केन हिल आणि जॅन अ‍ॅलन यांनी झाडाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले वॉलेमिया नोबिलिस.

जिवंत झाड नवे असले तरी त्याचे परागकण जुनेच निघाले. डिलविनाइट्स या नावाने जीवाश्मतज्ज्ञ ज्या परागकणांना ओळखत होते ते याच झाडाच्या परागकणांशी जुळले. खडकांतला त्यांचा माग सुमारे नऊ कोटी वर्षे मागे जातो आणि वीस लाख वर्षांपूर्वीच्या आसपास तुटतो. मग एकदम १९९४.

जंगलात आज पूर्ण वाढलेली झाडे शंभराहूनही कमी आहेत, आणि ती सगळी एकाच परिसरातल्या घळींमध्ये. मोजणे सोपे नाही, कारण हे झाड बुंध्याशी सतत नवे धुमारे फोडते. एका मुळावर कित्येक खोडे उभी राहतात, तेव्हा झाड एक धरायचे की दहा? उंच झाडे चाळीस मीटरपर्यंत जातात. धुमारे फोडण्याच्या या सवयीमुळेच ते इतकी वर्षे तगले असावे, असे मला वाटते. बियांतून आलेली रोपे घळीच्या सावलीत फार हळू वाढतात आणि त्यांतली बहुतेक मोठी होतच नाहीत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीच्या तपासण्यांपासूनच या झाडांत आपापसांत जनुकीय फरक जवळपास सापडत नव्हता. २०२३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. आकाराने तो माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे चौपट निघाला, पण झाडाझाडांतले वैविध्य अत्यल्पच. म्हणजे एखादा रोग एका झाडाला मारू शकत असेल, तर त्याला तोंड देणारे दुसरे झाड त्याच घळीत असेल ही आशा फारशी धरता येत नाही.

म्हणून सुरुवातीपासून दोन गोष्टी झाल्या. पत्ता लपवला गेला. आणि त्याच्या अगदी उलट, झाड सर्वत्र वाटले गेले. सिडनीच्या वनस्पती उद्यानाने आणि क्वीन्सलँडच्या वनखात्याने कलमांवरून रोपे वाढवली. ऑक्टोबर २००५ मध्ये सदबीज कंपनीने सिडनीत पहिल्या २९२ रोपांचा लिलाव केला आणि दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्यानंतर हे झाड नर्सऱ्यांत विकायला आले. ज्याला हौस आहे त्याने विकत घ्यावे, म्हणजे ते चोरायला कुणी घळीत उतरणार नाही, असा हा सरळ हिशेब होता. दुर्मीळ झाडांच्या बाबतीत लपवाछपवीपेक्षा असा उघडा बाजार जास्त उपयोगी पडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. पुढे २०२३ मध्ये त्यात शास्त्रीय शिस्त आली. सिडनीहून गेलेली दीडशेहून अधिक निवडक रोपे इंग्लंडमधल्या बेजबरी इथल्या शंकुवृक्ष उद्यानात वाढवून वेगवेगळ्या देशांतल्या उद्यानांना देण्यात आली. झाडांत जे थोडेफार जनुकीय वैविध्य आहे ते एकाच ठिकाणी अडकून राहू नये, हा त्यामागचा हेतू.

मग आग. २६ ऑक्टोबर २०१९ रोजी विजेमुळे पेटलेला गॉस्पर्स माउंटनचा वणवा वाढत वाढत पाच लाख हेक्टरांवर गेला आणि घळींच्या दिशेने आला. विमानांतून अग्निरोधक टाकले गेले, हेलिकॉप्टरांतून पाणी. विशेष प्रशिक्षित अग्निशामकांना दोरावरून घळीत उतरवून झाडांभोवती पाण्याचे फवारे बसवण्यात आले. हे सगळे गुपचूप चालले होते. जानेवारी २०२०च्या मध्यावर राज्याचे पर्यावरणमंत्री मॅट कीन यांनी मोहीम जाहीर केली, तेव्हाच जगाला कळले. आग काही ठिकाणी आत शिरलीच, काही झाडे होरपळली, पण मोठ्या झाडांपैकी बहुतेक वाचली. पुढच्या वर्षी राज्याने या जागेला पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा असा खास कायदेशीर दर्जा दिला. त्याखेरीज उद्यानातच इतरत्र गुप्त जागा निवडून नवी रोपे लावण्याचे काम चालू आहे. एका ठिकाणी संकट आले तर दुसरीकडे काही उरावे, इतकीच त्यामागची अपेक्षा.

डोंगरावरचे झाड

बुन्याची गोष्ट वेगळ्या कारणांनी लांब आहे. त्याला कुणी 'शोधले' नाही, कारण ते कधी हरवलेच नव्हते. आग्नेय क्वीन्सलँडमधल्या बुन्या माउंटन्सवर आणि ब्लॅकॉल रेंजसारख्या किनाऱ्याजवळच्या रांगांवर ते वाढते. तिथून सुमारे हजार किलोमीटर उत्तरेला, माउंट लुइस आणि कॅनाबुलन धबधब्याच्या परिसरात, त्याचे दोन छोटे समूह आहेत आणि जनुकीयदृष्ट्या ते दक्षिणेकडच्यांपेक्षा वेगळे आहेत.

झाड तीस ते पंचेचाळीस मीटर उंच. दुरून ओळखू येते ते त्याच्या घुमटासारख्या माथ्यामुळे. त्याचा शंकू फुटबॉलएवढा आणि वजनाला दहा किलोपर्यंत असतो. तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे जानेवारीपासून मार्चपर्यंत, हे शंकू वरून आदळतात. बागेत बुन्या असेल तर नगरपालिका खाली उभे राहू नका अशी पाटी लावतात, आणि ती पाटी गमतीने लावलेली नसते. एका शंकूत पन्नास ते शंभर बिया, चवीला आणि पोताला उकडलेल्या फणसाच्या आठळ्यांच्या जवळ जाणाऱ्या.

या बियांवर एक अख्खी सामाजिक व्यवस्था उभी होती. साधारण दर तीन वर्षांनी झाडे भरभरून येत. त्या हंगामात तिथल्या मूळ रहिवाशांचे यजमान समाज, म्हणजे वक्का वक्का, जारोवेर, कबी कबी आणि त्यांचे शेजारी, दूरदूरच्या समाजांना आमंत्रण धाडत. शेकडो किलोमीटरवरून माणसे चालत येत आणि हजारोंचा मेळा भरे. बिया कच्च्या खायच्या, भाजायच्या, कुटून त्यांचे पीठ करायचे, काही चिखलात पुरून ठेवायच्या. त्याबरोबर लग्ने ठरत, भांडणे मिटत, न्यायनिवाडे होत, गाणी आणि नाच यांची देवघेव चाले. विशिष्ट झाडे विशिष्ट घराण्यांची असत आणि बापाकडून मुलाकडे जात. जमीन कुणाच्या नावावर नसलेल्या समाजात एकेक झाड मात्र वारशाने येत होते, ही नोंद त्या काळच्या गोऱ्या निरीक्षकांनाही चकित करून गेली. टॉम पेट्री हा वसाहतवाल्याचा मुलगा १८४०च्या दशकात लहानपणी अशा एका मेळ्याला या लोकांबरोबर गेला होता. त्याच्या आठवणी हा आजही महत्त्वाचा आधार आहे.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बुन्याला संरक्षण कधी मिळालेच नाही असा समज व्हायला नको. १८४२ मध्ये न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांनी जाहीरनामा काढला: बुन्या जिथे वाढतो त्या प्रदेशात वसाहतीला परवाना नाही, झाड तोडायला मनाई. कारण स्पष्ट होते, तिथल्या मूळ रहिवाशांचे अन्न. त्या काळाच्या मानाने हा निर्णय विलक्षणच म्हटला पाहिजे. त्याचे आयुष्य मात्र अठरा वर्षांचे. क्वीन्सलँड १८५९ मध्ये वेगळी वसाहत झाली आणि १८६० मध्ये नव्या जमीन कायद्यांनी ते बंधन उठवले. मग करवतगिरण्या आल्या, दुभत्या जनावरांसाठी डोंगरउतार मोकळे झाले, मूळ रहिवाशांना हुसकावून दूरच्या वसाहतींत कोंडले गेले, आणि विसावे शतक उजाडता उजाडता मोठे मेळे थांबले. १९०८ मध्ये बुन्या माउंटन्स राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, क्वीन्सलँडच्या अगदी पहिल्या उद्यानांपैकी एक. डोंगरावरची शेवटची करवतगिरणी मात्र १९४५ पर्यंत चालू होती.

झाडाच्या शास्त्रीय नावात, अरोकेरिया बिडविली, जॉन बिडविल हा संग्राहक आहे. त्याने नमुने लंडनला नेले आणि विल्यम हुकर यांनी १८४३ मध्ये झाडाला नाव दिले. ज्यांच्या घराण्यांची ती झाडे होती त्यांचे नाव अर्थातच कुठे नाही.

तोच रोग

२००५ मध्ये वॉलेमायच्या घळीत फायटोफ्थोरा सिनॅमोमी हा मुळे कुजवणारा रोगजंतू सापडला. बहुधा परवानगी न घेता तिथे पोचलेल्या कुणाच्या तरी बुटांच्या चिखलातून. गेल्या दशकभरात बुन्या माउंटन्सवर झाडे पिवळी पडून वाळू लागली, आणि तिथल्या मातीतही फायटोफ्थोराच आढळला.

हे नाव मराठी बागायतदाराला नवे नाही. नागपुरी संत्र्याच्या खोडातून डिंक गळू लागतो आणि मुळे कुजतात तो डिंक्या याच जातकुळीचा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात सुपारीची कोवळी फळे गळवणारा कोळेरोगही याच घराण्याचा. दिसायला बुरशी, पण खरी बुरशी नव्हे. ओल्या मातीत त्याचे बीजाणू पोहत मुळापर्यंत पोचतात. बारीक मुळे मरतात, त्यामुळे पाणी असूनही झाड तहानलेले दिसते, आणि वर लक्षण दिसेपर्यंत खाली बरेच नुकसान झालेले असते. एकदा माती बाधित झाली की ती निर्जंतुक करणे जंगलात अशक्य. संत्र्याच्या बागेत बोर्डो मलम लावता येते, आळी बदलता येतात, निचरा सुधारता येतो. डोंगरभर पसरलेल्या जंगलाला आळी कुठून करणार? फॉस्फाइट या रसायनाची फवारणी किंवा खोडात टोचणी झाडाची प्रतिकारशक्ती वाढवते, रोग घालवत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा नावाच्या झाडांच्या जंगलांचा मोठा भाग याच रोगाने पोखरला आहे, म्हणून ऑस्ट्रेलियात या रोगाचे गांभीर्य सांगून पटवावे लागत नाही.

दोन्ही झाडांवरचा उपायही मुळात तोच: माती हलू द्यायची नाही. फरक आहे तो हा उपाय कुठे लागू करता येतो याचा. वॉलेमायच्या घळीत प्रवेशच बंद आहे. संशोधक जातात तेही बूट आणि अवजारे निर्जंतुक करून. बुन्या माउंटन्सवर डांबरी रस्ता जातो, पायवाटांचे जाळे आहे, तळ ठोकायच्या जागा आहेत, डोंगरावर वस्ती आहे. शिवाय रानडुकरे आहेत, आणि ती चिखल उकरून खुरांनी पुढे नेतात. पर्यटकाला बूट घासायला सांगता येते, डुकराला नाही. बुन्या माउंटन्सचे मरी रेंजर, म्हणजे त्याच मूळ समाजांतले वनरक्षक, आणि उद्यान खाते यांच्यावर हे काम येऊन पडले आहे.

शिक्का कसा बसतो

लाल यादीचे निकष भावनेवर चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पूर्ण वाढलेली झाडे पन्नासाहून कमी असतील तर तेवढ्यावरच 'अतिसंकटग्रस्त'. किंवा व्याप्ती अगदी इवलीशी, शिवाय त्यात घट चालू. किंवा तीन पिढ्यांत ऐंशी टक्के घट. यांतला कोणताही एक निकष पुरतो. वॉलेमाय या चौकटीत कुणाला फार विचार करायला न लावता बसते.

बुन्या बसत नाही. झाडे पुष्कळ आहेत, बरीचशी राष्ट्रीय उद्यानांत आणि संरक्षित जंगलांत आहेत. प्रदेश लहान असला तरी तेवढे पुरत नाही. सोबत तुटलेपणा, चालू घट अशा अटी दाखवाव्या लागतात. यादीतले त्याचे मूल्यांकन डोंगरावरची मर ठळक होण्याआधीचे आहे. टक्केवारीच्या निकषात त्याहून मोठी गोम आहे. धोक्यातल्या दर्जांपैकी सर्वांत खालच्या 'असुरक्षित' या पायरीवर यायलाही साधारण तीस टक्के घट दाखवावी लागते आणि ती तीन पिढ्यांच्या काळावर मोजायची असते. शेकडो वर्षे जगणाऱ्या झाडाच्या तीन पिढ्या म्हणजे किती, याचा हिशेब करायला गेले की एका दशकात वाळलेली झाडे त्या आलेखात दिसतही नाहीत. निकष पुढच्या संभाव्य घटीचाही विचार करू देतात, हे खरे. पण त्यासाठी रोग किती वेगाने आणि कुठवर पसरेल याचा पुरावा लागतो, आणि पुरावा गोळा करायला निधी लागतो, आणि निधी बहुतेक वेळा शिक्का बघून मिळतो. या फेऱ्यात बुन्या अडकला आहे.

दुसरी गोष्ट, यादी जात मोजते. एखाद्या डोंगरावरची झाडे गेली तरी दुसरीकडे आहेत तोवर जात सुरक्षित. जैवशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. ज्यांच्या पणजोबांचे झाड ठरलेले होते, ज्यांच्या खोडांवर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा अजून दिसतात, त्यांना ब्रिस्बेनच्या बागेतला बुन्या हा पर्याय नव्हे. ही हानी मोजणारा रकाना यादीत नाही. तो असावा अशी माझी मागणीही नाही. सगळ्या गोष्टी एकाच तक्त्यात कोंबल्या की तक्ता निरुपयोगी होतो. पण मग निर्णय घेणाऱ्यांनी केवळ तो तक्ता समोर ठेवून पैसे वाटू नयेत.

वॉलेमायचे काम मी कमी लेखत नाही. उलट, त्यात अडचण पक्की आखलेली होती म्हणून ते इतके नेटके झाले. झाडे मोजकी, जागा एक, धोका समोर दिसणारा, आणि गोष्ट अशी की कुठल्याही वर्तमानपत्राने पहिल्या पानावर घ्यावी. बुन्याकडे यांतले काहीच नाही. म्हणूनच संवर्धनाची खरी अवघड परीक्षा बुन्याची आहे असे मी म्हणेन.

यात बियांचाही मुद्दा येतो आणि तो बुन्याच्या विरोधात जातो. बुन्याचे बी वाळवून, थंड करून बीजपेढीत वर्षानुवर्षे ठेवता येत नाही. वाळले की मरते. ते रुजते तेही आपल्या पद्धतीने: आधी जमिनीत जाड कंदासारखा भाग तयार होतो आणि कोंब त्यातून पुढे कधीतरी, काहींचा महिन्यांनंतर, वर येतो. बी जड असल्याने झाडापासून फार लांब जात नाही. थोडेफार लांबवर नेतात ते रानउंदरांसारखे प्राणी. म्हणजे बाधित मातीतून निसटून नव्या उतारावर जायचे तर या झाडाला शतके लागतील. डोंगराचा माथा जेमतेम अकराशे मीटरांचा, त्यामुळे हवा तापत गेली तर वर सरकायलाही जागा नाही. वॉलेमाय मुळात दुर्मीळ, पण कलमांवरून आज जगभर राखीव साठा आहे. बुन्या भरपूर, पण डब्यात बंद करून ठेवता येत नाही. त्याचा साठा ठेवायचा तर जिवंत झाडे लावूनच ठेवावा लागेल, आणि ती लावायची तर उत्तरेच्या दोन समूहांसह प्रत्येक ठिकाणचे बी वेगवेगळे ओळखून, निरोगी मातीत. हे काम शिक्का बदलण्याची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे आहे. त्याला हेलिकॉप्टर लागत नाही. भरघोस हंगामातल्या शंकूंवर नजर, मूळ समाजांची संमती, आणि कित्येक दशके लक्ष ठेवणारी संस्था लागते.

तूर्त डोंगरावर चालू आहे ते रोजचे काम: वाटेच्या तोंडाशी बूट घासणे, डुकरे आवरणे, कोणते झाड कधी पिवळे पडू लागले याची नोंद ठेवणे. दर्जाचा फेरविचार पुढे झालाच, तर त्याला लागणारा घटीचा पुरावा या नोंदींतूनच येईल.